आबांना सांगितलेला नियम

तो नियम कुठेही लिहिलेला नव्हता. एका शनिवारी दुपारी मी तो मनाने तयार केला आणि त्याच संध्याकाळी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाला तोंडावर सांगितला. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे ऑगस्टबद्दल, झेंड्यांबद्दल, कॅरमबद्दल बरंच काही येणार आहे, आणि आठवणी लिहायला बसलं की माणूस आपली चूकसुद्धा हळूहळू बरी दिसेल अशी मांडत जातो. तसं होऊ नये.

ऑगस्ट पुन्हा आला आहे. मरीन परेडच्या आमच्या खिडकीसमोरच्या ब्लॉकवर, बाराव्या मजल्यापासून खालपर्यंत, कठड्यांना ओळीने नऊ तारखेच्या राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे लागले आहेत. काही घरांनी ते नीट ताणून बांधलेत, काहींचे एका टोकाने सुटून वाळत घातलेल्या पंच्यासारखे लोंबताहेत. सिंगापुरात नवा आलेला माणूस म्हणतो, इथे ऋतूच नाहीत. मीही पहिली दोन वर्षं म्हणायचो. मग कळलं, ऋतू आहेत, फक्त ते झाडांवर दिसत नाहीत. जुलै संपता संपता शनिवारी दुपारी डोक्यावरून लढाऊ विमानं तालमीसाठी जायला लागतात आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी बारीक थरथरतात. पहाटे कधीतरी सुमात्राकडून वाऱ्याचा एक लोट येतो, तासभर खिडक्या बडवतो आणि निघून जातो. आणि याच सुमारास चिनी लोकांचा सातवा महिना लागतो. गेलेल्या माणसांसाठी ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपांत कागद जाळतात, गवताच्या कडेला संत्री ठेवतात, उदबत्त्या लावतात. जळलेल्या कागदाची राख इतकी हलकी असते की ती खाली पडत नाही, नुसती फिरत राहते.

ती राख बघितली की मला कॅरमचा बोर्ड दिसतो.

तेव्हा आम्ही सेंगकांगला राहत होतो. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मलायांची लग्नं लागतात, कुणी गेलं तर चिनी कुटुंबं तिथेच मांडव घालून बसतात, एरवी म्हातारी माणसं वारा खात असतात. आमच्या ब्लॉकखाली दर शनिवारी संध्याकाळी दोन कॅरमबोर्ड मांडले जायचे. बोरिक पावडरीचा डबा, प्लास्टिकची निळी स्टुलं, थर्मासमधला चहा. आम्ही सगळे नोकरीवाले. दिवसभर स्क्रीनपुढे बसून बोटं आखडलेली, ती त्या गुळगुळीत लाकडावर सुटी व्हायची. शेजारची एक चिनी आजी दर वेळी येऊन बघायची. तिला आमचं बोलणं कळत नसे, पण राणी गेली की ती एकच टाळी वाजवायची.

विलास त्यातला सर्वांत चांगला खेळाडू. विलास गायकवाड, अकोल्याचा, नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत संशोधक. तो बोर्डावर बसला की त्याचा आवाज खाली यायचा. हवेतून राख तरंगत बोर्डावर येऊन बसली तर आम्ही ती हाताने झटकायचो; विलास खाली वाकून हळूच फुंकायचा, सोंगटी हलू नये म्हणून. त्याला हा खेळ त्याच्या वडिलांनी शिकवला होता. आबा तहसील कचेरीत कारकून होते. वस्तीतल्या वाचनालयात एक बोर्ड होता, त्यावर मुलांना खेळायला बसवण्याआधी ते एक गोष्ट बजावायचे : बोट लागलं तर स्वतः सांगायचं, पंचाने विचारायची वाट बघायची नाही.

विलासने ते कधी सोडलं नाही. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास आमची एक हौशी स्पर्धा व्हायची, शेजारी देशांच्या लोकांची. भारत, श्रीलंका, बांगलादेश, मलेशिया, सिंगापूर, कधी मालदीव. चार-चार जणांचे संघ, एक रविवार, एका कम्युनिटी क्लबचा हॉल. सगळं चालवायचे सेल्वम अंकल, निवृत्त शाळामास्तर, इथेच जन्मलेले तमिळ गृहस्थ. एका वर्षी श्रीलंकेविरुद्ध शेवटच्या बोर्डाला विलासच्या शर्टाची बाही एका काळ्या सोंगटीला घासली. सोंगटी केसभर हलली असेल. पंचाने पाहिलं नव्हतं, समोरच्यानेही नाही. विलासने हात वर केला, "माझी बाही लागली," म्हणाला आणि डाव सोडला. आम्ही हरलो. परतताना एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या लोकल गाडीच्या, डब्यात मी त्याच्यावर चिडलो होतो.

"अरे, कुणी बघितलं नव्हतं."

"मी बघितलं ना," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मला तेव्हा तो भाबडा वाटला होता. मी संघाचा कॅप्टन होतो. खेळात दुसऱ्या नंबरचा होतो, पण फॉर्म भरणं, हॉल ठरवणं, शर्ट छापून घेणं हे मला जमायचं, म्हणून कॅप्टन.

शर्टावरून त्या वर्षी मोठा वाद झाला. चार वर्षं झाली त्याला. तोवर आमच्या निळ्या शर्टावर ‘इंडिया’ असायचं. त्या जुलैमध्ये मी ग्रुपवर लिहिलं की यंदा ‘भारत’ छापूया, देवनागरीत. नाशिकच्या एकाने लगेच अंगठा दिला. चेन्नईच्या एका मुलाने विचारलं, मला वाचता न येणाऱ्या लिपीत माझ्या देशाचं नाव का? कुणीतरी म्हणालं, बाकीच्या संघांना कळलं पाहिजे ना आपण कोण ते. मग तीन आठवडे तेच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी उत्तरं लिहायचो. गुलामीची खूण, आपली ओळख, आपली माती, असे शब्द मी वापरत होतो. इथे दुसऱ्या देशाचा झेंडा बाहेर लावता येत नाही, त्यामुळे आमचं सगळं देशप्रेम त्या एका शर्टावर येऊन बसलं होतं.

विलासने एकदाच लिहिलं. घटनेच्या पहिल्याच कलमात दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत, पासपोर्टवरही दोन्ही आहेत, पुढे एक छापा, मागे एक छापा, आणि सरावाला या. त्यावर मी लिहिलं, "सगळ्यांना खूश ठेवणारी माणसं शेवटी कुणाचीच नसतात." हे वाक्य माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी पुसलेलं नाही.

घरी मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. परीक्षेचं वर्ष. अभ्यासाच्या टेबलावरून तिने इथल्या मुलांच्या बोलीत विचारलं, "पपा, एका नेमसाठी एवढी फाइट कशाला? सिंगापूरची फोर नेम्स आहेत, लाह. एव्हरीबडी जस्ट यूजेस देअर ओन." मी तिला म्हटलं, तुला नाही कळणार. तिने खांदे उडवले आणि गणितं सोडवायला लागली. तिला कळलं होतं, असं आता वाटतं.

कारण त्या वादाच्या आतलं खरं कारण नावाचं नव्हतंच. ते लिहायला मला चार वर्षं लागली.

त्याच्या वर्षभर आधी मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. मेधाला, माझ्या बायकोला, माहीत होतं. बाकी कुणाला नाही. दर पंधरा ऑगस्टला मित्रांमध्ये आवाज चढवून बोलणारा माणूस मी, मला ते सांगायची लाज वाटत होती. जूनमध्ये उत्तर आलं. नम्र, चार ओळींचं. अर्ज मान्य झाला नव्हता. कारण दिलेलं नव्हतं. मी ते पत्र कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली ठेवलं. चौथ्या दिवशी विलास स्टेशनबाहेर भेटला. हातात भाजीची पिशवी. जरा बाजूला घेऊन म्हणाला, "श्री, तुला पहिल्यांदा सांगतो. मी इथलं नागरिकत्व घेतोय. मान्य झालं."

मी विचारलं, "का?"

"मतासाठी," तो म्हणाला. "हसू नको. पंधरा वर्षं झाली. जिथे राहतो तिथे मत नाही, जिथे मत आहे तिथे राहत नाही. आबा म्हणतात, मत नसलेला माणूस म्हणजे पाहुणा. किती दिवस पाहुणा राहायचं?" मग म्हणाला, "पासपोर्ट परत करताना हात थरथरणार आहे बघ."

मी अभिनंदन केलं. त्याच्या पिशवीतून एक दोडका बाहेर डोकावत होता, तो मी आत ढकलला, एवढं आठवतं. घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं : याला दिलं आणि मला नाही. आणि जुलैमध्ये मी ग्रुपवर भारत, भारत करू लागलो.

त्या जुलैअखेर आबा आले. पहिल्यांदाच विमानात बसले होते. विलासने त्यांना मुद्दाम या दिवसांत बोलावलं होतं, स्पर्धा बघायला. आबांनी त्याला वाचनालयातल्या बोर्डावर शिकवलं होतं, तालुक्याला, जिल्ह्याला नेलं होतं, पण देशाच्या नावाचा शर्ट घालून खेळताना कधी पाहिलं नव्हतं. स्पर्धा हौशी आहे, कुठल्याही संघटनेची नाही, हे विलासने त्यांना दहादा सांगितलं होतं. आबा म्हणत, "असू दे हौशी. नाव तर देशाचंच हाये ना?" त्यासाठी त्यांनी पांढरा शर्ट आणि करड्या रंगाची पँट इस्त्री करून वेगळी आणली होती, हे मला विलासच्या बायकोनेच हसत सांगितलं होतं.

संघाची नावं द्यायचा शेवटचा दिवस शनिवार होता. विलासचा पासपोर्ट त्याच आठवड्यात रद्द होऊन परत मिळाला होता. मी फॉर्म पुढे घेऊन बसलो. एका पानाचा कागद. संघाचं नाव, चार खेळाडू, एक राखीव, संपर्क. खाली सेल्वम अंकलनी इंग्रजीत एक ओळ लिहिलेली : खेळाडू कोण ते संघाने ठरवावं. बस्स. मी चहा केला, तो गार झाला. मेधा पलीकडे भाजी निवडत होती. मी चार नावं लिहिली, त्यात विलासचं नव्हतं, आणि त्याला फोन केला.

"विलास, अडचण झालीय. पासपोर्ट नाही म्हणजे या संघातून खेळता येत नाही. नियम आहे."

पलीकडून तो म्हणाला, "फॉर्मवर लिहिलंय का तसं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "मग ठीक आहे."

मी फोन ठेवला तेव्हा मेधा माझ्याकडे बघत होती. तिने फॉर्म उचलला, वाचला, परत ठेवला. "त्यालाही नकाराचं पत्र आलं असतं ना," ती म्हणाली, "तर तू त्याला कॅप्टन केलं असतंस." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. 

संध्याकाळी मी खाली गेलो नसतो तर बरं झालं असतं, पण बोर्ड माझ्याकडे होते. विलास आला, सोबत आबा. खादीचा सदरा, खिशाला पेन, पायांत नवे पांढरे बूट. मला नमस्कार करून ते निळ्या स्टुलावर बसले. थोड्या अंतरावर कुणीतरी कागद जाळत होतं. आबांनी विचारलं, काय करतात हे लोक? विलासने सांगितलं, गेलेल्या माणसांसाठी. आबांनी मान हलवली आणि हात जोडले, अनोळखी कुणाच्या तरी पितरांना. मग माझ्याकडे वळले.

"श्रीकांतराव, एक विचारू का? आमचं पोरगं आता भारताचं नाही राहिलं का?"

आवाजात राग नव्हता. कचेरीच्या खिडकीशी उभं राहून एखादा माणूस आपला कागद कुठे अडलाय ते विचारतो, तसं विचारत होते.

मी म्हणालो, "तसं नाही, आबा. पण नियम आहे."

"लेखी?"

"लेखी."

त्यांनी थोडा विचार केला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम असल तर आपण बोलायचं नाही. आमच्या लहानपणी नियम नव्हते, श्रीकांतराव, माणसं होती. कुठं बसायचं, कुठं पाणी प्यायचं, ते माणसं ठरवायची. मग नियम आले, म्हणून आम्ही वर आलो. मी चौतीस वर्षं नियमानं काम केलं. नियमाचा राग नाही येत मला." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दोनदा थोपटलं. मला वाईट वाटलं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

विलास बोर्डावर पावडर टाकत होता. खूपच टाकत होता. शेवटी सगळा बोर्ड पांढरा झाला.

रविवारी आबा तरीही आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. विलास त्यांच्या शेजारी बसला होता. सेल्वम अंकल मला म्हणाले, "विलास नॉट प्लेइंग आह? व्हाय?" मी सांगितलं, वडील आलेत, त्याला त्यांच्यासोबत वेळ हवाय. म्हणजे बापाला एक कारण, अंकलना दुसरं. आमच्या छातीवर देवनागरीत ‘भारत’ होतं. शर्ट आधीच पाच छापून आले होते. पाचव्याच्या पाठीवर विलासचं नाव होतं. तो मी घरीच ठेवला होता. आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो, मलेशियाकडून. माझ्या शेवटच्या डावात माझं बोट एका पांढऱ्या सोंगटीला लागलं. पंचाने पाहिलं नाही. मी समोर पाहिलं तर आबा माझ्या हाताकडेच बघत होते. मी काही बोललो नाही. खेळत राहिलो. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, जणू आपणच काही बघायला नको होतं.

पुढच्या वर्षी मी मरीन परेडला घर घेतलं. मुलीच्या शाळेचं कारण दिलं. शनिवारचा कॅरम सुटला. विलासशी दिवाळीला, बुद्धपौर्णिमेला एकेक मेसेज. तो नेहमी उत्तर द्यायचा, आणि मी त्याच्या उत्तरात राग शोधायचो. सापडायचा नाही. ते जास्त त्रासाचं होतं.

मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या. हौशी स्पर्धा, एक रविवार, त्यात काय. हेही सांगितलं की माझ्या मनात जातीचा विचार नव्हता. ते खरंच आहे, मी हेव्यापोटी केलं, तो कुणीही असता तरी केलं असतं. पण ते खरं असण्याने सोय माझी झाली, आबांची नाही. ज्या माणसाने आयुष्यभर माणसांच्या मर्जीतून सुटून नियमाचा आधार घेतला, त्याला मी माझी मर्जी नियम म्हणून दिली होती. आणि त्याने ती दोन्ही हातांनी घेतली होती.

मग मी नावांचा विचार करायचो. छातीवर कुठलं नाव असावं यावर मी तीन आठवडे भांडलो. पाठीवरच्या नावाला तीन मिनिटंही दिली नाहीत.

यंदा माझा दुसरा अर्ज मान्य झाला. जुलैमध्ये मी पासपोर्ट द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने तो तपासला, कोपरा कापला, शिक्का मारला आणि परत माझ्याकडे सरकवला. एखादं जुनं तिकीट परत द्यावं तसा. बाहेर बाकावर बसून मी तो बराच वेळ धरून होतो. कव्हरवर दोन्ही नावं अजून तशीच होती, वर एक, खाली एक. कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला तर धार लागत होती. विलासचा हात थरथरला असेल का, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात त्या स्पर्धेच्या संघाच्या नव्या कॅप्टनचा फोन आला. पुण्याचा मुलगा आहे, तिशीचा. एक जण आजारी पडलाय, म्हणाला, काका, या ना खेळायला.

मी म्हणालो, "अरे, मी आता इथला नागरिक झालोय. गुलाबी कार्ड मिळालं."

"अभिनंदन, काका. शर्टाचा साइज काय?"

"म्हणजे, चालतं तसं?"

"कोण विचारतंय, काका," तो हसून म्हणाला. "आपला माणूस तो आपला. एल की एक्सएल?"

मी नाही म्हणालो. गुडघ्याचं कारण दिलं. मग स्टूल घेऊन बेडरूममधल्या कपाटावरची बॅग उतरवली. तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला तो पाचवा शर्ट होता.

मेधाने बघितला. "कुठे निघालास?"

"सेंगकांगला."

"जेवून जा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको. आत्ताच जा."

एमआरटी, मग एलआरटीचा तो छोटा डबा, ब्लॉकांच्या मधून वळणं घेत जाणारा. तिथेही झेंडे. गवताच्या कडेला संत्री. आमच्या जुन्या ब्लॉकखाली बोर्ड मांडलेला नव्हता, आणि ती चिनी आजीही दिसली नाही. विलास सातव्या मजल्यावर राहतो. दाराच्या लोखंडी जाळीआड तो दिसला. केस पांढरे झाले होते. त्याने कुलूप काढलं. "ये." त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली.

मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. त्याने शर्ट काढला, छातीवरचं वाचलं, उलटा केला, पाठीवरचं वाचलं.

"छापला होतास?"

"आधीच छापून आला होता."

"आता बसायचा नाही," तो म्हणाला, आणि शर्ट घडीवर घडी घालून मांडीवर ठेवला.

मी सांगायला सुरुवात केली. अर्ज, पत्र, फॉर्म. दोन वाक्यं झाली असतील, त्याने हात वर केला, बोट लागल्यावर करायचा तसाच.

"मला ठाऊक आहे, श्री. त्याच रविवारी ठाऊक झालं. सेल्वम अंकल मला म्हणाले, वडिलांसाठी खेळणं सोडलंस, चांगला मुलगा आहेस. मी त्यांच्याकडून फॉर्म मागून वाचला."

"मग बोलला का नाहीस?"

"आबा शेजारी बसले होते." तो शर्टाची कड सारखी करत राहिला. "नियम म्हटल्यावर त्यांना त्रास झाला नव्हता. खरं सांगितलं असतं, तर इतक्या लांब विमानाने येऊनसुद्धा तेच, असं वाटलं असतं त्यांना. परत गेल्यावर वाचनालयात सगळ्यांना सांगतात ते. तिकडं लई कडक नियम आहेत, माझ्या पोरालाही सोडलं नाही. कौतुकाने सांगतात. आणि मी दर वेळी ऐकून घेतो. खोटं तू एकदा बोललास, श्री. सांभाळतोय मी."

मला वाटलं होतं तो रागवेल, किंवा जाऊ दे म्हणेल.  मी म्हणालो, "माझं चुकलं, विलास."

"मला नको सांगू," तो म्हणाला. "मी काही विचारलं नव्हतं तुला. विचारलं त्यांनी होतं." आणि त्याने फोन उचलला.

अकोल्यात तेव्हा दुपार होती. बऱ्याच वेळाने स्क्रीनवर आधी छताचा पंखा दिसला, मग कपाळ. "जय भीम, आबा," विलास म्हणाला. "जय भीम, बाळा. जेवला का?" मग विलासने फोन माझ्या हातात दिला. कपाळ जवळ आलं. "कोण? श्रीकांतराव? नमस्कार, नमस्कार. लई दिवसांनी. खेळ चालू आहे ना?"

मी सांगितलं. खालच्या आवाजात, भरभर, चार वाक्यांत. संपवून मी थांबलो.

"काय म्हणता?" आबांनी फोन कानाला लावला, स्क्रीनवर नुसता पांढरा कल्ला दिसू लागला. "ऐकू येत नाही जी आता. मोठ्यानं बोला."

दार उघडंच होतं. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. विलास खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, शर्ट अजून त्याच्या हातात होता. मला बसून बोलता येईना. मी उभा राहिलो.

"आबा," मी मोठ्याने म्हणालो, "तुम्ही आला होता त्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं, नियम आहे. लेखी आहे. तसा नियम नव्हता. कुठेच लिहिलेलं नव्हतं. विलासला नियमाने बाहेर ठेवलं नाही, मी ठेवलं. मला त्याचा हेवा वाटत होता. तुम्ही नियमाला मान दिलात, आणि मी तो मान गप्प बसून घेतला. माझं चुकलं, आबा. मला माफ करा."